शहराच्या पलीकडे एक नाश्ता: पुण्यात नव्याने आलेल्यांसाठी

पुण्यात येऊन वर्ष होत आलं तरी वाकड-हिंजवडी किंवा खराडी-विमाननगरच्या बाहेर पाऊल न पडलेली पुष्कळ मंडळी आहेत. त्यात त्यांचा दोष नाही. ऑफिसच्या खालीच काचेचं कॉफी शॉप, सोसायटीच्या गेटवर मोमोजची गाडी, बाकी सगळं घरपोच. लातूर, अमरावती, नाशिक, कोल्हापूर कुठून कुठून माणसं येतात, दोन-दोन वर्षं राहतात, आणि गावी कुणी "पुण्यात खायला काय चांगलं मिळतं रे?" असं विचारलं की शोरमा सांगतात.

तर एक सकाळ काढा. डेक्कनला या, इराण्याच्या हॉटेलात बसा, आणि पोटात जागा उरली तर पूल ओलांडून पेठांत शिरा. कसं, कधी आणि काय मागवायचं ते पुढे सांगतो.

आधी वेळ ठरवा, मग जागा

'पुण्यात खायलाच हवेत असे पंचवीस पदार्थ' छापाच्या याद्या मोबाइलवर ढिगाने मिळतात. त्यात ठिकाणं बहुतेक बरोबर असतात, पण कोणत्या वेळी जायचं ते कुणी सांगत नाही. पुण्यातलं जुनं खाणं घड्याळावर चालतं. मिसळ सकाळची. बनमस्का सकाळी किंवा चारच्या सुमाराला. मस्तानी, म्हणजे आइस्क्रीम घातलेलं दाट दूध, दुपार उलटल्यावर. बेकरीतले पॅटिस ट्रे बाहेर येईल तेव्हा. यादी हातात घेऊन दुपारी दोनला निघालात तर अर्ध्या ठिकाणी 'संपलं' ऐकाल आणि उरलेल्या ठिकाणी शटर बघाल.

पुण्यातली दुकानं दुपारी एक ते चार बंद असतात, यावरचे विनोद तुमच्या कानावर आलेच असतील. ज्यांच्यावर ते सगळ्यात जास्त झाले त्या चितळे बंधूंनी २०१७ पासून दुपारीही दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली, त्यामुळे तो विनोद आता शिळा आहे. पण लहान दुकानं, बेकऱ्या आणि उपाहारगृहं दुपारी झाकलेली असतात, हे आजही खरं. त्यामागे आळस वगैरे काही नाही. माणसं पहाटेपासून भट्टीपुढे उभी असतात, त्यांनी जेवायचं कधी?

म्हणून माझा सल्ला असा: शनिवार किंवा आठवड्यातला सुट्टीचा दिवस धरा आणि साडेसात-आठपर्यंत डेक्कनला पोचा. रविवारी नऊनंतर येऊ नका. फर्ग्युसन रस्त्यावर त्या वेळी अख्खं पुणे नाश्त्याला उतरलेलं असतं. टेकडीवरून फिरून आलेले आजोबा, हॉस्टेलची पोरं, सायकलवाले, सगळे एकाच रांगेत. गणपतीच्या दहा दिवसांत तर हा बेत पुढेच ढकला. तेव्हा मध्यवर्ती भागात या, पण गणपती बघायला. खायला बसायचं म्हटलं तर जागा मिळणार नाही.

यायचं कसं

गाडी आणू नका. फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता दोन्ही एकदिशा, तेही एकमेकांच्या उलट. एक वळण चुकलं की मोठा वळसा पडतो. पार्किंगचे फलक सम-विषम तारखांचे असतात. ते वाचून तारीख आठवेपर्यंत मागचा हॉर्न वाजवायला लागतो.

मेट्रोने या. खराडी, विमाननगर, वडगाव शेरीकडच्यांनी रामवाडी स्टेशन गाठायचं आणि वनाझकडे जाणारी गाडी पकडायची. डेक्कन जिमखान्याला थेट उतरता येतं. कोथरूडकरांना तीच लाइन उलट्या बाजूने. पिंपरी-चिंचवडवाल्यांनी स्वारगेटकडची गाडी धरून सिव्हिल कोर्टला बदलायची. तिथे जरा वेळ हाताशी ठेवा. स्वारगेटची लाइन जमिनीखाली जवळपास ३३ मीटरवर आहे आणि वनाझ-रामवाडीची पुलावर, त्यामुळे एका सरकत्या जिन्यावरून दुसऱ्यावर असं बराच वेळ वर चढत राहावं लागतं. हडपसर, कात्रज, धनकवडीकडून येणाऱ्यांना पीएमपीची बस आणि स्वारगेट सोयीचं. हिंजवडीहून मनपाला बस येते. मनपाचं मेट्रो स्टेशन बसस्थानकाला लागूनच आहे, तिथून डेक्कन दोन स्टेशनांवर.

डेक्कन जिमखाना स्टेशन नदीच्या काठाला आहे. बाहेर पडलं की जंगली महाराज रस्ता ओलांडायचा आणि कुणालाही "गुडलक चौक कुठे?" विचारायचं. अख्ख्या चौकाला हॉटेलचं नाव आहे, त्यामुळे पत्ता शोधायची भानगड नाही.

बसायला जागा

कॅफे गुडलक १९३५ सालचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणातून, विशेषतः यझ्दच्या बाजूने, बरीच कुटुंबं मुंबई-पुण्याला आली. त्यांत पारशी धर्माची होती तशी मुसलमानही होती. त्यांनी चौकाचौकांत चहाची हॉटेलं टाकली. एके काळी पुण्यात, लष्करात म्हणजे कॅम्प भागात आणि स्टेशनच्या बाजूला इराणी हॉटेलं पैशाला पासरी होती. आता मोजकीच राहिली आहेत. गुडलक त्यांत सगळ्यात सहज सापडणारं, म्हणून पहिल्या खेपेला तेच बरं. स्टेशनच्या बाजूला राहत असाल तर जहांगीर हॉस्पिटलच्या जवळपास वोहुमन आहे. तिथे चीज ऑम्लेट खायला लोक वाट वाकडी करून जातात, आणि रुबी हॉलचं मेट्रो स्टेशन पायी अंतरावर आहे.

नव्या कॉफी शॉपची सवय असलेल्यांना इथे दोन गोष्टी खटकतात. एक, कुणी हसून स्वागत करत नाही. दुसरी, गर्दीच्या वेळी तुमच्या टेबलावर अनोळखी माणूस येऊन बसतो. दोन्हींचं वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. तुम्हीही असंच करायचं: चार खुर्च्यांच्या टेबलावर एकटे गृहस्थ पेपर वाचत असतील तर "काका, इथे बसलं तर चालेल का?" एवढं विचारायचं. ते मान हलवतील, पेपर जरा आवरून घेतील, झालं. लॅपटॉप मात्र बाहेर काढू नका. बाहेर माणसं उभी असताना एका चहावर दोन तास मीटिंग करणाऱ्याकडे पुणेकर कसा बघतो, ते एकदा बघितलंत की पुन्हा काढणार नाही.

मागवायचं काय

पहिल्या वेळी मेन्यूकार्ड उघडूच नका. त्यात बिर्याणीपासून चायनीजपर्यंत सगळं असतं आणि नवखा माणूस हमखास तिथे अडकतो. वेटर आला की सांगायचं, "दादा, दोन बनमस्का, दोन चहा." बाकीचं नंतर.

बन म्हणजे मऊ, गोल, जरासा गोडसर पाव. मधून चिरून आत सढळ हाताने मस्का लावलेला असतो आणि बशीत तुकडे करून येतो. चहा दाट आणि गोड. साखर कमी हवी असेल तर आधीच विचारून बघा, पण चहा मोठ्या पातेल्यात आधीच झालेला असतो, त्यामुळे फार आशा धरू नका. एक तुकडा उचलायचा, टोकाला धरून चहात बुडवायचा आणि लगेच काढायचा. जास्त वेळ ठेवलात तर तो सुटून कपाच्या तळाशी बसतो आणि मग चमच्याने लगदा खावा लागतो. तुकडा बाहेर काढला की चहावर लोण्याचे पिवळे ठिपके तरंगायला लागतात. काहींना ते बघून कसंतरी होतं. माझ्या मते त्या ठिपक्यांसकटचा घोटच खरा. एवढंच की चहा गरम असेपर्यंत हे आटपायला हवं. निवला की लोणी ओठांना चिकटतं. म्हणून फोटो काढायचा असेल तर तो चहा यायच्या आधी, नुसत्या बनचा काढा.

भूक जास्त असेल तर पुढचं पान म्हणजे खिमा-पाव किंवा बन-ऑम्लेट. खिमा मटणाचा, सकाळीच बरा लागतो. दोघांत एक मागवा, कारण अजून पूल ओलांडायचाय. शेवटी गोड हवं असेल तर कॅरॅमल कस्टर्ड. इराणी हॉटेलातला हा पदार्थ नव्या कॅफेंतल्या चीजकेकपेक्षा मला तरी कधीही आवडेल.

एक गोष्ट शाकाहारी मंडळींना स्पष्ट सांगायला हवी. इथे शेजारच्या माणसाच्या ताटात अंडं आणि खिमा असणार. तुम्हाला स्वतःपुरता बनमस्का पुरत असेल तर उत्तम, पण शेजारचा वासही चालत नसेल तर ओढूनताणून बसू नका. त्याच रस्त्याने पुढे चालत जा, सोय आहे.

कॉफीच पाहिजे असेल तर

इराण्याकडे कॉफी मागवणं म्हणजे चितळ्यांकडे जाऊन चॉकलेट मागणं. मिळेलही, पण त्यासाठी कुणी तिथे जात नाही. डेक्कनवरची कॉफी म्हणजे फर्ग्युसन रस्त्यावरच्या वैशाली आणि रूपालीची फिल्टर कॉफी. दोन्ही उडुपी घराण्यातली. वैशालीचं आधीचं नाव मद्रास हेल्थ होम होतं, असं जुने पुणेकर अजून सांगतात. इडली-डोसा आहेच, पण वैशालीत नवख्या माणसाने मागवायची ती एसपीडीपी, म्हणजे शेव-बटाटा-दही-पुरी. आता हा काही उडुपी पदार्थ नव्हे, कॉलेजच्या पोरांनी तो तिथे प्रसिद्ध केला. सकाळी कॉफी आणि इडली, संध्याकाळी एसपीडीपी, असं माझं गणित. आत जायला थांबावं लागलं तर बाहेर आधी नाव लिहून घ्या; दाराशी नुसतं उभं राहून नंबर लागत नाही.

कोल्ड कॉफीवाल्यांनी मात्र ही सकाळ सोडून एखाद्या संध्याकाळी पौड रस्त्याला, एमआयटी कॉलेजजवळ दुर्गा कॅफेला जावं. विद्यार्थ्यांची गर्दी, उभ्याने पिणं, खिशाला परवडणारं.

पूल ओलांडून

गुडलक चौकातून डेक्कनच्या बसथांब्यावरून सरळ चालत आलात की लकडी पूल लागतो. पाटीवर नाव छत्रपती संभाजी पूल. विचारताना लकडी पूलच म्हणा. पलीकडे अलका टॉकीजचा चौक. तिथून लक्ष्मी रस्त्याने आत शिरलात की डाव्या हाताला नारायण पेठ, उजव्या हाताला सदाशिव. नाश्त्यावर नाश्ता करायचा नसेल तर मधला तासभर इथेच गल्लीबोळांतून काढा. घाई करून काही उपयोग नाही, मिसळ भुकेनेच खायची असते.

मिसळीबद्दल आधी एक इशारा. कोल्हापूर किंवा नागपूरहून आला असाल तर तिकडचा तिखटपणा इथे शोधू नका. पुण्याची मिसळ वेगळ्या वळणाची. बशीत मटकीच्या जोडीला पोहे, बटाट्याची भाजी, फरसाण असं बरंच काही असतं, आणि बऱ्याच जुन्या ठिकाणी पावाऐवजी स्लाइस ब्रेड येतो. नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळापाशी बेडेकरांकडे रस्सा किंचित गोडाकडे झुकणारा. यावरून पुण्याबाहेरचे लोक फार टवाळी करतात. करू देत. ब्रेडचा तुकडा त्या रश्श्यात भिजवून खाल्ला की ती गोडी कशासाठी आहे ते कळतं. तिखट हवंच असेल तर तुळशीबागेतल्या श्रीकृष्ण भुवनात जा. आणि लाल तर्रीचा कंटाळा आला असेल तर फडके हौदाजवळ वैद्य उपाहारगृह आहे. तिथला रस्सा हिरव्या मिरचीचा, लाल नाहीच.

खायची रीत सोपी आहे. सगळा रस्सा एकदम ओतू नका, फरसाण मऊ पडतं. थोडा घाला, खा, मग पुन्हा घाला. रस्सा संपला की "दादा, सँपल द्या" म्हणायचं. काही ठिकाणी तो असाच मिळतो, काही ठिकाणी त्याचे वेगळे पैसे. भिंतीवर पाटी असते, ती आधी वाचा. एकूणच पेठेतल्या हॉटेलांत भिंती वाचायची सवय लावून घ्या. एक्स्ट्रा ब्रेड, पार्सलचं वेगळं शुल्क, हात कुठे धुवायचे, कुठे धुवायचे नाहीत, सगळं लिहिलेलं असतं. लिहिलेली गोष्ट तोंडी विचारलीत की उत्तरात थोडा खवचटपणा येतोच.

आणि बारा वाजायच्या आत पोचा. मिसळ संपली की संपली.

मिसळीवर चहा अमृततुल्यमध्ये. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी पुण्यात ही दुकानं वाढवली. आता अमृततुल्य नावाच्या चकचकीत साखळ्या गावोगावी झाल्या आहेत, त्यामुळे हा चहा तुम्ही आधी प्यालेला असाल, पण पेठेतलं एखादं जुनं दुकान शोधा आणि चहा होताना बघा. रस्त्याच्या बाजूलाच ओटा, त्यावर स्टोव्ह किंवा शेगडी, तिच्यावर पितळी पातेलं. मालक स्वतः मांडी घालून बसलेला. खलबत्त्यात वेलची आणि आलं ठेचल्याचा ठक-ठक आवाज, मग दूध, साखर, पावडर, आणि लांब दांड्याच्या डावाने चहा वर उचलून पुन्हा पातेल्यात सोडणं. उकळी वर आली की पातेलं बाजूला, पुन्हा आत. शेवटी कापडातून गाळून किटलीत. कप छोटा असतो आणि चहा गोड. इराण्याच्या चहाशी तुलना करत बसू नका, दोघांचा धंदाच निराळा. तिथे बसायचं असतं, इथे उभ्याने पिऊन निघायचं.

पैसे आणि घरी न्यायचं

रोख थोडी जवळ ठेवा, तीही सुट्ट्या पैशांत. क्यूआर कोड आता जवळपास सगळीकडे लागले आहेत, पण गर्दीत नेटवर्क रुसलं की गल्ल्यावरचे आजोबा तुमच्या मोबाइलकडे बघत राहतात आणि मागची रांग तुमच्याकडे. टेबल भरलेलं असताना बिल आल्यावर गप्पा मारत बसायचं नसतं. वेटरला चार पैसे वर ठेवलेत तर चांगलंच.

घरी न्यायला बाकरवडी घेणारच असाल, ती बाजीराव रस्त्यावर चितळ्यांकडे. डेक्कनहूनच परतणार असाल तर आपटे रस्त्यावरच्या संतोष बेकरीचे पॅटिस बघा, रांग दिसली म्हणजे ट्रे आलाय असं समजायचं. कयानीची श्रूजबेरी बिस्किटं या वाटेवर नाहीत. ती बेकरी १९५५ सालची, लष्करात ईस्ट स्ट्रीटला. दुपारी बंद असते, म्हणून तिच्यासाठी वेगळी सकाळ काढा. मस्तानीचा मोह झाला तर सदाशिव पेठेत निंबाळकर तालमीजवळ सुजाता आहे. दाट दुधावर आइस्क्रीमचा गोळा ठेवून देतात. ती मात्र मिसळीच्या पाठोपाठ नको, पोट ऐकणार नाही. एक तर ती, नाहीतर मिसळ.

परतताना पुन्हा डेक्कनपर्यंत चालायची गरज नाही. तुळशीबागेच्या बाजूला असाल तर मंडईचं भुयारी स्टेशन जवळ पडतं, तिथून पिंपरीकडे थेट आणि रामवाडीकडे सिव्हिल कोर्टला बदलून. स्टेशनात उतरायच्या आधी महात्मा फुले मंडईत एक चक्कर टाका. १८८६ साली उघडलेली दगडी इमारत आहे आणि भाजी सोसायटीच्या गेटपेक्षा स्वस्त मिळते.

गावाहून आई-वडील येणार असतील तर हाच बेत उलट्या क्रमाने करा. आधी मंडईला उतरून तुळशीबाग, मिसळ, मग रिक्षाने डेक्कनला आणि चारच्या सुमाराला चहा. त्यांना पूल चालायला लावू नका, आणि सिव्हिल कोर्टला लिफ्ट कुठे आहे ते आधी बघून ठेवा.